तीन नकारांनंतर : एका द्राक्ष-ब्लॉगच्या जाहिरात-मंजुरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातल्या एका बागायतदारांची ही हकिकत. त्यांना इथे नाना म्हणते. नाव, गाव आणि ब्लॉगचा पत्ता मुद्दाम गाळला आहे. घडलं ते आणि घडलं त्या क्रमाने लिहिलं आहे. मी नाशिकमध्ये छोट्या व्यावसायिकांची संकेतस्थळं बांधून देते. नानांची मुलगी आणि मी एका वर्गातल्या, एवढीच ओळख.

नानांना वही लिहायची सवय आहे. छाटणी कोणत्या तारखेला झाली, कोणत्या प्लॉटमध्ये किती काड्या ठेवल्या, पाऊस कधी आला, डाऊनी या बुरशीरोगाचा पहिला डाग कोणत्या पानावर दिसला, काय फवारलं आणि त्याने काय झालं, हे सगळं ते वीस-बावीस वर्षं लिहीत आले आहेत. २०१९ मध्ये पुतण्याने त्यांना ब्लॉगर या गूगलच्या मोफत सेवेवर ब्लॉग काढून दिला. वहीतलं थोडं त्यावर जाऊ लागलं. पण रोज नवीन काहीतरी टाकलं पाहिजे, हे पुतण्याने मनावर घेतलं आणि व्हॉट्सॲपवर जे येईल तेही तो ब्लॉगवर चढवू लागला.

वाचक मात्र खरे होते. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की दिवसाला तीन-चारशे लोक येत, उन्हाळ्यात पंचवीस-तीस. बहुतेक सगळे फोनवर वाचणारे आणि आसपासच्या तालुक्यांतले. नानांची अपेक्षाही मोठी नव्हती. ब्लॉगने स्वतःचं रिचार्ज तरी सुटवावं, असं ते म्हणत.

अडचण

पुतण्याने २०२२ मध्ये गूगल ॲडसेन्सकडे अर्ज केला. ही सेवा आपल्या पानांवर जाहिराती लावते आणि कमाईतला वाटा आपल्याला देते. आठवडाभरात नकार आला. कारण दिलं होतं ते मराठीत सांगायचं तर ‘मजकुराला पुरेसं मोल नाही’. त्याने ब्लॉगची रंगसंगती बदलली आणि लगेच पुन्हा अर्ज केला. तोच नकार. मग कुठल्याशा व्हिडिओत ‘शंभर नोंदी झाल्या की मंजुरी मिळते’ असं ऐकून दोन महिन्यांत पन्नासेक नोंदी आणखी टाकल्या. तिसरा नकार, शब्द तेच.

पुढच्या वर्षी मार्चअखेर काढणी उरकल्यावर नानांचा फोन आला. पैशांबद्दल ते फारसं बोललेच नाहीत. “ताई, वीस वर्षं बाग केली. हाताची कातडी गेली. आणि हे म्हणतात मोल नाही. कशाला मोल नाही ते तरी बघून सांगा.”

प्रश्न तोच होता आणि त्यांनी तो नेमका विचारला होता.

आधी मोजणी

अर्जाला हात लावण्यापूर्वी आम्ही सगळ्या नोंदी कागदावर काढल्या. एकूण १४६. नानांच्या ओट्यावर बसून प्रत्येक नोंदीपुढे ती कुणी लिहिली हे लिहीत गेलो. एक संध्याकाळ पुरली नाही, दोन लागल्या.

व्हॉट्सॲपवरून आलेली फवारणी वेळापत्रकं आणि ‘हे नक्की वाचा’ छापाचे मजकूर ३८ निघाले. संशोधन संस्था आणि कृषी विभागाचे सल्ले जसेच्या तसे डकवलेले २२. टोमॅटो, कांदा, द्राक्षाचे बाजारभाव २७, प्रत्येकी तीन ओळींचे, दुसऱ्या दिवशीच शिळे झालेले. मराठी मजकुराची नुसती चित्रं १८. उरल्या ४१. त्या नानांच्या स्वतःच्या वहीतल्या.

या ४१ मध्येही ९ नोंदी अशा होत्या, ज्या तालुक्याच्या डीटीपीवाल्याने जुन्या फाँटमध्ये टाइप करून दिल्या होत्या. त्याच्या संगणकावर ते मराठी दिसे. ब्लॉगवर डकवल्यावर उरली ती रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. युनिकोड म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची सामाईक पद्धत. त्यात नसलेला मजकूर ना वाचकाला वाचता येतो, ना शोधयंत्राला. चित्रातल्या मजकुराचंही तसंच. पानावर मराठी दिसतं, पण यंत्राच्या लेखी ते पान जवळजवळ कोरं असतं. मराठी ब्लॉगांत हे फार आढळतं. आपण सुंदर सुलेखन केलेलं चित्र टाकतो आणि मजकूर लिहिला असं समजतो.

म्हणजे तपासणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर १४६ पैकी ३२ नोंदीच वाचण्यासारख्या आणि इतरत्र न सापडणाऱ्या होत्या. त्याही बाकीच्या गर्दीत दबलेल्या. पुतण्याने मेहनतीने वाढवलेल्या पन्नास नोंदींनी हे प्रमाण आणखी बिघडवलं होतं.

एका गोष्टीवर नाना अडले. संस्थेचे सल्ले तर सरकारी आहेत, शेतकऱ्यांसाठीच आहेत, मग ते टाकण्यात चूक काय? त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, म्हणून यावर आम्ही बराच वेळ बोललो. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला वाचायचा असेल तर वाचक तिथे जाईल. तोच मजकूर इथे पुन्हा छापून नानांच्या ब्लॉगने वाचकाला नवीन काय दिलं? हक्काचा प्रश्न वेगळा, मोलाचा वेगळा. उद्या कुणी तुकोबांचे अभंग एकेक करून ब्लॉगवर चढवले तर त्यावर कुणाचा स्वामित्वहक्क नाही, पण तेच अभंग आधीच शेकडो ठिकाणी आहेत. त्या अभंगांबद्दल स्वतःला काय म्हणायचं आहे ते लिहिलं, तर ते पान त्याचं स्वतःचं होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पुतण्याने आणला होता : मंजूर झालेलं तयार खातं विकत घ्यायचं. असे विक्रेते उघड जाहिरात करतात. हा आम्ही पाच मिनिटांत बाजूला ठेवला. खातं दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, कमाई मूळ माणसाच्या नावावर जाते आणि खातं बंद पडलं की दादही मागता येत नाही.

दुसरा : सगळा ब्लॉग यंत्राने इंग्रजीत करायचा, कारण इंग्रजी पानांवरच्या जाहिरातींना दर जास्त मिळतो. मराठीला मंजुरी मिळतच नाही, असंही पुतण्याच्या डोक्यात बसलेलं होतं. ते खरं नाही. हिंदी २०१४ च्या डिसेंबरात ॲडसेन्सच्या भाषांत आली आणि पुढे काही वर्षांनी मराठीही आली. शिवाय निफाड-दिंडोरीचा बागायतदार इंग्रजी ब्लॉग कशाला उघडेल? फवारणीच्या प्रमाणाचं भाषांतर यंत्राने चुकवलं तर बाग जळेल, ही भीती वेगळीच.

तिसऱ्या पर्यायावर मात्र आम्ही खरोखर अडून बसलो. तालुक्यातल्या एका औषध दुकानदाराने महिन्याला ठरावीक रक्कम देऊ केली होती. ब्लॉगच्या माथ्यावर त्याचं नाव, एवढंच मागणं. ॲडसेन्समधून वर्षभरात जे मिळालं असतं ते त्याने चार महिन्यांत दिलं असतं. ना अर्ज, ना वाट पाहणं. मी स्वतः तेव्हा याच बाजूची होते आणि तसं बोललेही. नानांनी दोन दिवस मागून घेतले आणि नाही म्हणाले. “मी लिहितो, अमुक औषधाने माझ्याकडे फरक पडला नाही. त्याचंच दुकान वर असेल तर मी हे लिहीन का? आणि लिहिलं तरी लोक मानतील का?” दुकानदाराने कधी काही लिहायला सांगितलं नव्हतं, हे खरं. पण नानांना स्वतःच्या हाताची खात्री वाटत नव्हती. हा निर्णय त्यांचा होता आणि आज तो मला पटतो.

उरला चौथा : नानांचं नाही ते सगळं काढून टाकायचं आणि मग अर्ज करायचा. शंभरावर नोंदी जाणार हे ऐकून पुतण्याचा चेहरा उतरला. नाना मात्र हसले. “खरड छाटणीच करायची, असं म्हणा ना. एप्रिलच आहे.” एप्रिलमध्ये वेल मागे छाटून नव्या फुटी आणतात, ती खरड छाटणी.

काय केलं

१०५ नोंदी आम्ही पुसल्या नाहीत, मसुद्यात परत नेल्या. त्यातलं काही पुढे उपयोगी पडेल असं वाटलं आणि पडलंही. जुन्या फाँटमधल्या ९ नोंदी नानांच्या मुलीने युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केल्या. शोधयंत्रातून उचललेली चित्रं काढली आणि नानांनी बागेत फिरून फोनवर काढलेले फोटो घातले. पानाच्या मागच्या पांढऱ्या बुरशीचा त्यांचा फोटो जरा हललेला आहे, पण तो त्यांच्याच बागेतला आहे आणि खाली तारीख आहे.

सर्वांत अवघड ठरली ती बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाची नोंद. ब्लॉगवर सर्वाधिक वाचली जाणारी हीच आणि होती व्हॉट्सॲपवरून आलेली. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, एवढंच तीत होतं. ती काढली तर निम्मे वाचक जाणार, ठेवली तर दुखणं तसंच राहणार. मी नानांना विचारलं, हे मिश्रण करताना तुमचं कधी बिघडलं का? मग ते जे बोलत सुटले ते मी फोनवर ध्वनिमुद्रित करून घेतलं.

एका वर्षी कोवळ्या फुटी करपल्या होत्या. प्रमाण बरोबर होतं, पण चुना मागच्या हंगामातला, गोणी उघडी राहिलेली. हवा लागून चुन्याचा जोर गेला होता, त्यामुळे मोरचूद मोकळा राहिला आणि त्याने पानं भाजली. तेव्हापासून ते मिश्रणात लोखंडी पातं बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी आहे, आणखी चुन्याची निवळी घालायची. लिटमस कागदही वापरतात. दोन्ही द्रावणं वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत करायची, धातूच्या भांड्यात नाही, आणि केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. हे सगळं त्यांच्या शब्दांत उतरवून दीड हजार शब्दांची नोंद झाली. जुन्या नोंदीत आणि हिच्यात जो फरक आहे, त्यालाच तपासणारे मोल म्हणतात, असं मी नानांना तेव्हा दाखवू शकले.

अशा सहा नवीन नोंदी झाल्या. अर्जाच्या दिवशी ब्लॉगवर ४७ होत्या.

बाकीची कामं रोजची. ‘आमच्याविषयी’, ‘संपर्क’ आणि ‘गोपनीयता धोरण’ ही पानं मराठीत लिहिली. जाहिरातदार कुकीज, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये साठणाऱ्या छोट्या नोंदी, वापरतात हे धोरणात स्पष्ट सांगावं लागतं. वर पाच विभाग केले : खरड छाटणी, गोडी छाटणी, रोग, पाणी आणि खत, काढणी. रिकामा विभाग एकही ठेवला नाही.

इथे माझी एक चूक झाली. ब्लॉगरचा फुकटचा पत्ताही चालतो, हे ठाऊक असून मी जूनअखेर स्वतंत्र पत्ता घ्यायला लावला, वर्षाला हजार रुपयांच्या आतला. पत्ता बदलल्यावर शोधयंत्राला सगळं नव्याने टिपावं लागलं. गूगलने कोणती पानं टिपली ते दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये ४७ पैकी ११ पानंच दिसत होती. अशा स्थितीत अर्ज करायचा धीर झाला नाही आणि तीन आठवडे नुसते वाट पाहण्यात गेले.

जुलैच्या शेवटी अर्ज भरायला बसलो तर संदेश आला की या व्यक्तीच्या नावे खातं आधीच आहे. एका माणसाला एकच खातं, हा नियम. नाना म्हणाले, मी तर कधी काढलं नाही. शोध घेतला तेव्हा कळलं की पुतण्याने पूर्वी गावच्या भजनी मंडळाच्या युट्यूब वाहिनीसाठी नानांच्याच नावे खातं उघडलं होतं. तो स्वतः तेव्हा अठरा वर्षांचा नव्हता, म्हणून काकांचं नाव. पासवर्ड कुणालाच आठवेना. तो मिळवून, जुनं खातं बंद करून नवा अर्ज करेपर्यंत ऑगस्टचा पहिला आठवडा संपला.

पंधरा दिवसांनी मंजुरी आली. नाना तेव्हा मळ्यात होते. मुलीने बांधावरून ओरडून सांगितलं.

मंजुरीनंतरचे दोन पेच

मंजुरी आली की प्रकरण संपलं असं मी समजत होते. ऑक्टोबरात नानांचा रात्री फोन आला. मी स्वयंचलित जाहिराती चालू ठेवल्या होत्या, म्हणजे कुठे काय लावायचं ते यंत्र ठरवतं. त्याने फवारणीच्या तक्त्याच्या मधोमध जाहिरात घातली होती. वरच्या ओळीत औषधाचं नाव, मग मोठं चित्र आणि पार खाली प्रमाण. एका शेतकऱ्याने पुढच्या ओळीचं प्रमाण या औषधाचं समजून विचारणा केली होती. नशीब, त्याने आधी फोन केला.

त्याच रात्री स्वयंचलित जाहिराती बंद केल्या. दोनच जागा हाताने ठरवल्या : नोंदीच्या पहिल्या परिच्छेदानंतर एक आणि अगदी शेवटी एक. तक्त्याजवळ कधीच नाही. कमाई घटली, ती घटू दिली. कीटकनाशकांच्या जाहिराती रोगांच्या नोंदींवर दिसू लागल्या, तेव्हा त्या जाहिरातदारांचे पत्ते नानांनी एकेक करून अडवायला सांगितले. ती सोय खात्यात आहे. दुकानदाराला नाही म्हटल्यावर मागच्या दाराने तेच कशाला, हे त्यांचं म्हणणं.

दुसरा पेच प्रेमापोटी आला. द्राक्ष उत्पादकांच्या व्हॉट्सॲप गटात कुणीतरी लिहिलं, ‘नानांच्या ब्लॉगवर जाहिराती सुरू झाल्या आहेत, रोज दोन-चार दाबत जा, त्यांना पैसे मिळतात.’ चाळीसेक जणांनी इमानदारीने दाबल्या. असे क्लिक अवैध धरले जातात आणि खातं कायमचं बंद होऊ शकतं. आकडा अचानक चढलेला पाहून मी जाहिराती आठवडाभर काढून ठेवल्या. नानांनी गटात जाहीर लिहिलं : “माझ्यावर माया असेल तर जाहिरात दाबू नका. वाचा, आणि चुकलं असेल तर सांगा.” त्या महिन्याच्या कमाईतून काही रक्कम वजा झाली, खातं वाचलं.

पैसा हातात येईपर्यंत

कमाई १० डॉलरवर गेली की पत्ता पडताळणीचं पत्र टपालाने येतं आणि त्यातला अंक चार महिन्यांच्या आत खात्यात भरावा लागतो, नाहीतर जाहिराती थांबतात. पहिलं पत्र आलंच नाही. पत्ता आम्हीच अर्धवट दिला होता, ‘मु. पो.’ आणि गाव, एवढाच. वस्ती मळ्यात, गावापासून तीन किलोमीटर. दुसऱ्या वेळी टपाल कार्यालयाचं नाव, पिनकोड आणि मळ्याची खूण इंग्रजी अक्षरांत घातली आणि पोस्टमनदादांना आधी सांगून ठेवलं. तीन आठवड्यांत पत्र हातात पडलं.

नानांचे व्यवहार गावच्या पतसंस्थेत. तिथे परदेशातून येणारी रक्कम घेण्याची सोय नव्हती, म्हणून तालुक्याला बँकेत बचत खातं उघडलं आणि तिचा स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारांत बँक ओळखण्याचा क्रमांक, दिला. खात्यावरचं नाव आणि ॲडसेन्सवरचं नाव अक्षर न अक्षर जुळवलं.

शेतकरी हमखास एका गोष्टीत फसतात, म्हणून सांगते. शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. शेतीविषयी लिहून जाहिरातींतून मिळालेलं उत्पन्न शेतीचं नाही, ते विवरणपत्रात दाखवावं लागतं.

पैसे मिळायला १०० डॉलर जमावे लागतात. २०२४ च्या फेब्रुवारीपासून ॲडसेन्सने क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर मोबदला द्यायला सुरुवात केली. उन्हाळ्यात वाचक आटले आणि आकडा रेंगाळला. जूनअखेर शंभर पार झाले आणि जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली रक्कम आली : बँकेचा आकार वजा होऊन ८,३०० रुपयांच्या आसपास. मंजुरीपासून जवळजवळ अकरा महिने.

वेगळं काय करता आलं असतं

स्वतंत्र पत्ता घ्यायचाच होता तर अर्जाच्या तीन-चार महिने आधी, किंवा मंजुरीनंतर निवांत. मधल्या वेळी नाही. जुनं खातं कुणाच्या नावे आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. घरात युट्यूबवर खेळणारं पोर असेल तर हमखास. आणि जुनं खातं बंद करण्याऐवजी त्यातच नवं संकेतस्थळ जोडलं असतं तर आठवडा वाचला असता.

काढलेल्या नोंदींचे दुवे गटांमध्ये फिरत होते. त्यावर जाणाऱ्याला ‘पान सापडत नाही’ एवढंच दिसे. बोर्डोच्या जुन्या दुव्यावरून नव्या नोंदीकडे वाट करून द्यायला हवी होती, ती आम्ही सप्टेंबरात केली. तोवर बरेच जण परत गेले असतील.

पुतण्याला सुरुवातीपासून सोबत घ्यायला हवं होतं, हे मला सर्वांत जास्त खुपतं. त्याच्या शंभर नोंदी एका महिन्यात गेल्या आणि त्या का गेल्या हे त्याला कुणी नीट बसून सांगितलं नाही. ब्लॉग त्याने काढला नसता तर नानांची वही कपाटातच राहिली असती. त्या हिवाळ्यात तो बरेच दिवस फिरकला नाही. मग एकदा आपण होऊन आला आणि सगळ्या नोंदींचे फोटो पुन्हा छाटून, उजळून देऊन गेला.

आलेल्या पैशांतून नानांनी ब्लॉगच्या पत्त्याचं वर्षाचं शुल्क भरलं, लिटमस कागदाची पाकिटं आणली आणि एक पर्जन्यमापक घेतला. तो मळ्यात उघड्यावर रोवला आहे. रोज सकाळी साडेआठला पुतण्या तो वाचतो आणि त्याचा आकडा नानांच्या वहीत आणि ब्लॉगवर, दोन्हीकडे जातो.